ससाण्याला माझं नाव

हर्षितानं पुदिना लावायला आणलेल्या लांबट कुंडीत मार्चमध्ये एका ससाणीनं अंडी घातली आणि आमची बाल्कनी बंद झाली.

हर्षिता माझी सून. घर जर्सी सिटीत, बत्तिसाव्या मजल्यावर. एवढ्या उंचीवरच्या वाऱ्यात पुदिना टिकत नाही हे तिला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं होतं. कुंडीत नुसती वाळकी माती आणि खडे उरले होते. बहिरी ससाण्याला नेमकं तेच लागतं. तो काड्या गोळा करून घरटं बांधत नाही, खड्यांत पोटानं खळगा करतो आणि तिथंच अंडी घालतो. हे मी पुस्तकात वाचलं आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं. कुणी फारसं ऐकलं नाही, पण अनिकानं, माझ्या आठ वर्षांच्या नातीनं, घास तोंडात धरून ऐकलं.

बिल्डिंगच्या ऑफिसनं वन्यजीव खात्याला कळवलं. पिल्लं उडून जाईपर्यंत दार उघडू नका, असा तिकडून निरोप आला. दाराला चिकटपट्टी मीच लावली, वरपासून खालपर्यंत, दुहेरी. अनिकानं तिच्यावर मार्करनं मोठ्ठं ‘नो’ लिहिलं. तेव्हापासून मी त्या दाराचा राखणदार झालो. पडदा अर्धा ओढायचा, मांडीवर पुस्तक घ्यायचं आणि काचेतून बघत बसायचं. अमेरिकेत आल्यापासून मला मिळालेलं हे पहिलं काम.

त्याचं मला इतकं अप्रूप का वाटावं, हे सांगायला हवं. माझी बायको रत्ना गेली तेव्हा माझा मुलगा अतुल नागपूरला आला आणि म्हणाला, “बाबा, इथं एकटं कशाला राहायचं? माझं घर तेच तुमचं घर. आता कायमचं.” मी कॉलेजच्या लायब्ररीत उभी नोकरी काढलेला माणूस. मला निर्णय घ्यायला वेळ लागतो आणि घेतला तरी तो चुकलाच असणार असं वाटत राहतं. तो निर्णय अतुलनंच घेतला. घर विकलं. माझी पुस्तकं वस्तीतल्या विहाराच्या वाचनालयाला दिली. पोरांनी ती टेम्पोत चढवली तेव्हा मी आत जाऊन बसलो होतो. मुलगी सोनल गावातच होती, पण तिच्या संसारात; परत जावं असं आपलं मागे काही उरलं नव्हतं. म्हणून या घरात आपली जागा आहे ना, हे मी रोज थोडंथोडं चाचपून बघत असे. भाजी निवडून देणं, अनिकाला बसपर्यंत सोडणं आणि बाकी वेळ कुणाच्या पायात न येणं.

त्यात मी विसरू लागलो होतो. निदान अतुल तसं म्हणे. “बाबा, कालच सांगितलं ना तुम्हाला.” “बाबा, अपॉइंटमेंट कॅन्सल केली हे मी बोललो होतो.” मला आठवत नसे. मी म्हणे, “असेल, असेल.” स्वतःवर संशय घ्यायला मला कधी फार पुरावा लागलेला नाही.

मेच्या शेवटी एका शनिवारी खात्याची बाई आली. नाव डोना. पन्नाशीची, हातावर ओरखड्यांच्या जुन्या खुणा. सोबत तिचा मदतनीस, डोक्यावर हेल्मेट, हातात चक्क झाडू. पिल्लांच्या पायांत कडी घालायची होती. त्याच वेळी त्यांची नावंही ठेवायची, अशी इथली रीत. अतुलनं त्याच्या ऑफिसातला प्रसन्न आणि त्याची बायको पद्मिनी यांनाही बोलावलं होतं. दोघं आमच्याच बिल्डिंगमधले, पुण्याकडचे. हर्षितानं साबुदाण्याचे वडे केले होते.

“काका, आज तुमच्याकडे बारसं म्हणायचं!” पद्मिनी आत येताच म्हणाली.

“आणि काका म्हणजे आत्याबाई,” प्रसन्न म्हणाला. “एवढं लक्ष तर आमचा मॅनेजरही आमच्यावर ठेवत नाही. काका, तुम्हाला आमच्या टीमवर घेतो.”

मी हसलो. उत्तर मला नेहमी लोक घरी गेल्यावर सुचतं.

डोनानं पट्टी टरकावली आणि दार उघडलं. वारा आत घुसला, त्याबरोबर कबुतरांच्या उरल्यासुरल्या अवशेषांचा वास. हर्षितानं नाकाला पदर लावावा तशी ओढणी लावली. ससाणी कुठून आली दिसलंच नाही. कर्कश ओरडत ती झाडूवर आदळली, वळली, परत आदळली. मदतनिसानं झाडू डोक्यावर आडवा धरला होता आणि त्याखाली वाकून डोना एकेक पिल्लू उचलून खोक्यात ठेवत होती. मला त्या आईकडे बघवेना. इतके दिवस मी काचेआड बसून तिचा विश्वास मिळवला असं मला वाटत होतं. तिला तसं काहीच वाटत नसणार.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली होती. खोक्यात तीन पिल्लं. पांढऱ्या कापसाचे गोळे, त्यातून नुकती फुटू लागलेली काळपट पिसं, आणि पाय मात्र अंगाच्या मानानं भलतेच मोठे. डोनानं पहिल्याचा पाय मोजला. पाय जाड, म्हणजे मादी. ससाण्यांत मादीच थोराड असते. उजव्या पायात चांदीसारखं कडं, डाव्यात रंगीत, त्यावर लांबूनही दुर्बिणीतून वाचता येतील अशी अक्षरं. पकडीनं ती कडं दाबत होती आणि पिल्लू तिच्या मनगटावर चोच मारत होतं.

“हिचं नाव?”

“पिझ्झा!” अनिका ओरडली. तिच्या वर्गानं मतदान घेतलं होतं.

“अगं, जरा बरं नाव नाही मिळालं?” हर्षिता म्हणाली.

“मम्मा, इट वॉज डेमोक्रॅटिक.”

दुसरीही मादी. तिचं नाव बिल्डिंगच्या ऑफिसनं ठरवलं होतं, हडसन. तिसरं पिल्लू अंगानं लहान, नर. त्याचं नाव आमच्या घरानं ठेवायचं होतं. कुणी मला विचारलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं की का विचारलं नाही.

अतुलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “याचं नाव लहू. आफ्टर माय फादर.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे कान गरम झाले. लाजलो, पण खोटं कशाला सांगू, मनातून मी खूप सुखावलो. वाटलं, इतके दिवस जे चाचपून बघत होतो त्याचं उत्तर हेच. घरात आपली जागा आहे, आणि आता तर आकाशातही.

पद्मिनीचे डोळे पाणावले होते. तिनं माझा हात हातात घेतला. “किती गोड कल्पना आहे ना, काका! तुम्ही जुलैत नागपूरला परत जाल, ही मंडळी बेलव्ह्यूला, पण तुमच्या नावाचा एक पक्षी इथं राहील. आम्ही रोज हाय करू त्याला.”

मला वाटलं, ती दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

“मी कुठं जाणार?” मी विचारलं.

हर्षितानं वड्यांचं ताट उचललं आणि परत तिथंच ठेवलं. पद्मिनी कधी अतुलकडे बघे, कधी माझ्याकडे.

“बाबा,” अतुल म्हणाला, हसून, अगदी मऊ आवाजात, “सांगितलं होतं ना मी तुम्हाला. मला सिअ‍ॅटलकडे जॉब मिळालाय, बेलव्ह्यूला. इथली लीज जूनअखेर संपते. तिकडचं घर छोटं आहे, म्हणून तुम्ही सोनलताईकडे. सगळं बोललो होतो आपण. विसरलात.”

“माझे बाबाही असेच,” प्रसन्न घाईनं म्हणाला. “परवा मला फोन करून विचारतात, मी तुला फोन केला होता का?”

सगळे सुटल्यासारखे हसले. मीही हसलो. “असेल,” असं माझ्या तोंडून निघूनही गेलं.

“एप्रिलमध्ये,” अतुल पुढे म्हणाला. “आपण बाल्कनीत चहा घेत बसलो होतो, संध्याकाळी. तुम्हीच म्हणालात, सोनलकडे बरं पडेल, नागपूर आपलंच आहे. आठवतंय?”

मी आठवायला लागलो. आणि नवल म्हणजे मला आठवू लागलं. बाल्कनीतल्या त्या दोन खुर्च्या, हातात कप, खाली नदीवरून जाणारी बोट, अतुलचा घसा खाकरणं. मी मान हलवतोय. मी म्हणतोय, बरं पडेल. सगळं असंच झालं असणार. मीच विसरलो. माझी लाज मलाच वाटू लागली. मुलानं एवढं समजावून सांगावं, आपण होकार द्यावा, आणि चार लोकांत त्याला खोटं पाडावं!

तेवढ्यात वाऱ्यानं दार हललं आणि काहीतरी फडफडलं. मी वळून पाहिलं. डोनानं टरकावलेली चिकटपट्टी दारावर लोंबत होती. तिच्यावर अनिकाचा ‘नो’.

एप्रिलमध्ये ससाणी अंड्यांवर बसली होती. मी काचेच्या या बाजूला होतो. ती पट्टी मी लावली होती आणि आज सकाळपर्यंत कुणी तिला हात लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता. आयुष्यात फार थोड्या गोष्टींची मी खात्री देऊ शकेन. त्यांतली ही एक.

“अतुल,” मी म्हणालो. आवाज फार बारीक निघाला. “बाल्कनी मार्चपासून बंद आहे.”

“काय?”

“तिथं एप्रिलमध्ये कुणी बसलं नाही. दार आज उघडलं.”

त्याचा चेहरा क्षणभर अगदी लहानपणीचा झाला. मग तो म्हणाला, “बाल्कनीत नसेल, बाबा. हॉलमध्ये असेल. मुद्दा तो नाहीये.”

“बाबा, सगळ्यांसमोर नको ना हे,” हर्षिता हळूच म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, आणखी हळू, “मी सांगत होते तुला. आधी बोल म्हणून.”

प्रसन्न वड्याकडे बघत होता. पद्मिनीनं माझा हात सोडला होता. अनिका खोक्यात डोकावून बसली होती. ती आमचं मराठी ऐकत होती की नाही, मला कळलं नाही.

डोनाला यातलं काहीच समजलेलं नव्हतं. तिनं पिल्लाच्या दोन्ही पायांत कडी घातली होती आणि ते छातीशी धरून ती माझ्याकडे बघून हसली. “सो, धिस इज लहू?”

इंग्रजी बोलताना मी वाक्य आधी मनात लिहून काढतो. या वेळी वेळ नव्हता. “नो, मॅडम,” मी म्हणालो. “नॉट माय नेम. प्लीज.”

“बाबा, काय करताय?” अतुल म्हणाला.

“निरोपाची भेट मला नको. आधी निरोप तर द्यायचा होतास.”

डोनानं आमच्याकडे एकदा पाहिलं. जाणत्या बाईसारखा तिनं काही प्रश्न विचारला नाही. म्हणाली, नाव कुठंच कोरलेलं नसतं, नाव माणसांच्या हौसेसाठी. ती त्यांना कड्यावरच्या अक्षरांनीच ओळखते. मग तिनं तिन्ही पिल्लं खोक्यात घातली आणि मदतनिसानं हेल्मेट चढवलं. ससाणी अजून बाहेर ओरडत होती. पिल्लं कुंडीत परत गेली. दार लावल्यावर मी नवी पट्टी चिकटवली. ती जराशी तिरकी गेली.

पाहुणे लवकर गेले. वडे तसेच राहिले.

संध्याकाळी अतुल माझ्या खोलीच्या दाराशी आला. आत आला नाही.

“सॉरी बाबा. तुम्हाला टेन्शन नको म्हणून... सांगायचं सांगायचं म्हणत राहून गेलं. ऑफिसमध्ये लेऑफ चालू होते, हातातलं सोडून चालणार नव्हतं. आणि तुम्ही या पक्ष्यांमध्ये इतके खूश होतात.”

“सोनलला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“फेब्रुवारीपासून.”

सोनल दर रविवारी फोन करते. जय भीम बाबा, जेवलात का, थंडी आहे का, ससाणी काय म्हणते. ससाणीबद्दल तर ती फारच आवडीनं विचारत असे. मी लांबण लावून सांगायचो आणि मग वाटायचं, आपण फार बोललो. ती मात्र म्हणायची, सांगा ना बाबा, आणखी सांगा.

“तुम्हाला इतकं लागलं असेल तर चला बेलव्ह्यूला,” अतुल म्हणाला. “करू काहीतरी मॅनेज.”

“नको.”

“रागावून बोलू नका.”

“रागावलो नाही. मी नागपूरला जातो, पण सोनलकडे नाही. विहाराजवळ एखादी खोली बघीन.”

“एकटे राहणार? बाबा, तुम्हाला काही लक्षात राहत नाही...” तो बोलता बोलता थांबला.

त्याच शब्दांवर मला त्याला काही विचारायचं होतं. दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मागच्या जानेवारीत एका सकाळी गॅस उघडा राहिला होता. घरभर वास पसरला, अनिकाला स्वेटरशिवाय बाहेर न्यावं लागलं. सगळे ऑफिसच्या घाईत होते. संध्याकाळी अतुलनं मला जवळ बसवून सांगितलं, बाबा, चहा केलात आणि बटण फिरवायचं विसरलात. तेव्हापासून शेगडीला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि मी लावला नाही. मी चहा केल्याचं मला आठवत नव्हतं. पण आठवत नाही म्हणजेच विसरलो, असं मी धरून चाललो. नातीच्या जिवावर बेतलं होतं, आपल्यामुळे. कितीतरी रात्री तो वास मला झोपेत येई.

“अतुल, एकच सांग. तो जानेवारीतला गॅस मीच उघडा ठेवला होता का?”

“आता ते कशाला काढताय?”

“मला ठाऊक असायला हवं.”

हो म्हण, मी मनात म्हणत होतो. तुम्हीच ठेवला होता बाबा, असं एकदा म्हण. तेवढी चूक माझी असू दे. ती मी आजवर बाळगली, पुढेही बाळगीन.

अतुल चौकटीवरचा रंग नखानं खरवडत उभा राहिला.