चोरखिसा

“शिक्षा कमी करून मागायची, की निर्दोष सोडा म्हणायचं?” वकीलबाईंनी विचारलं. मी टेबलावर हात आपटला. “निर्दोष! न केलेल्या गुन्ह्याची दहा वर्षं काय म्हणून भोगायची यांनी?”

आमचं चष्म्यांचं दुकान. तिथे कामाला असलेल्या चोवीस वर्षांच्या मुलीने यांच्यावर बलात्काराचा आरोप केला आणि कोर्टाने तो खरा धरला. दुकान बंद झाल्यावर, सात वाजता, मागच्या खोलीत, असं तिचं म्हणणं. मी शपथेवर सांगितलं होतं, की हे साडेसहालाच घरी आले होते. न्यायाधीशांनी माझी साक्ष झुरळासारखी झटकली. बायकोच ती, नवऱ्याच्या बाजूनेच बोलणार! आता अपिलाचा सगळा डोलारा त्याच साक्षीवर उभा राहणार होता.

“मग तिची जबानी घरी नेऊन वाचा,” बाई म्हणाल्या. “कुठे खोटं बोलली ते तुम्हालाच कळेल.”

तिची साक्ष बंद दाराआड झाली होती, आम्हाला बाहेर बसवलं होतं. शिलाई मशीनवरचे लोकांचे कपडे बाजूला सारून मी लाल पेन घेऊन बसले. बयेचं एकेक खोटं पकडणार होते!

अकराव्या पानावर ती म्हणते, “त्यांच्या पँटला आतून, कमरेपाशी, एक खिसा होता. पिवळ्या फुलांच्या कापडाचा. मी सगळा वेळ त्या फुलांकडेच बघत होते.”

तो चोरखिसा मी शिवलेला. यांच्या प्रत्येक पँटला, माझ्या जुन्या गाऊनच्या कापडाचा. पँट उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. तक्रार महिन्याने झाली, त्यामुळे पँट कुणी मागितलीच नव्हती. त्या वाक्यापाशी कुणीही थांबलं नव्हतं. त्यांना काय माहीत, ते कापड कुठलं!

त्या दिवशी मी घड्याळ बघितलंच नव्हतं. दारातून आत येता येता हेच म्हणाले होते, “आज साडेसहालाच आलो बघ.” मी कोर्टात तेच पोपटासारखं बोलले होते.

तरी मन मानेना. वीस वर्षांचा संसार! दुसऱ्या दिवशी तुरुंगात भेटायला गेले. काचेपलीकडे हे, दोघांच्या कानाला फोन.

“तिने चोरखिशाचं सांगितलंय,” मी म्हणाले. “पिवळ्या फुलांसकट.”

वाटलं, चिडतील, शपथा घेतील. पँटवर काही सांडलं म्हणून दुकानातच बदलली होती, असलं काहीतरी सांगतील. मी तेवढ्यावरही विश्वास ठेवला असता, खोटं कशाला बोलू?

त्यांनी मागे उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“वकीलबाईंच्या लक्षात आलंय का?”

“नाही.”

“मग घरातल्या सगळ्या पँटींचे खिसे उसवून टाक. तुला काय, अर्ध्या तासाचं काम.”

मी तिथून उठले ती थेट वकीलबाईंच्या ऑफिसात.

“साडेसहाचं मी खोटं बोलले,” मी म्हणाले. “कुठे लिहून द्यायचं?”