आईच्या चित्रांची शाई

आमच्या आईचं, एव्हिसचं, काम रेघेचं आणि बाबांचं रंगाचं. टास्मानियात ह्युऑन नदीच्या काठी चाळीस वर्षं दोघांनी मिळून लाकडी होड्यांची चित्रं केली. ती फाउंटन पेननं रेखाटायची, बाबा वरून जलरंग द्यायचे. त्यामुळे शाई निवडावी ती आईनंच. पाण्यानं फुटायला नको आणि पेनात सुकून बसायलाही नको. नवी बाटली आली की ती कागदावर रेघ ओढायची, चहा होईपर्यंत थांबायची, मग ओल्या ब्रशनं घासून बघायची. रेघ हलली नाही की बाबांना डिवचायची, "रोली, माझी शाई तुझ्या पाण्याला पुरून उरते बघ!"

"तूच मला पुरून उरतेस, शाईचं काय घेऊन बसलीस," बाबा म्हणायचे.

फुप्फुसाच्या कर्करोगानं आई अंथरुणाला खिळली, तेव्हा मी होबार्टची नोकरी सोडून घरी आले. आई उशीला टेकून रेखाटत राहिली, बाबांनी नंतर रंगवायची म्हणून. मध्येच शाई संपली. बाबा गाडी काढून शहरात गेले. नेहमीची मिळाली नाही. एका बाटलीवर 'कायम टिकणारी काळी' असं वाचलं आणि आईपाशी परतायच्या घाईत तीच उचलली.

या वेळी घासून न बघताच आईनं त्या शाईनं चार चित्रं काढली. शेवटचं आरशात बघून, स्वतःचं. त्या दुपारी मी तिला पाणी पाजत होते. एक थेंब चित्राच्या कोपऱ्यावर पडला आणि तिची सही विरघळली.

"ही उन्हात न उडणारी शाई," आई म्हणाली. "पाण्यात टिकणारी नव्हे. नेरिडा, रोलीला या चार चित्रांना पाणी लावू देऊ नकोस. आणि शाई चुकली हे सांगू नकोस. मनाला लावून घेईल."

"मग काय सांगू?"

"काढ काहीतरी शोधून. एरवी तोंड बरं चालतं तुझं."

ती हसली आणि खोकल्यात ते हसू मोडलं. पाचव्या दिवशी ती गेली.

मला कारण सुचलंच नाही. बाबा ब्रशला हातही लावत नव्हते, म्हणून आठवडेच्या आठवडे मी गप्प राहिले. एका सकाळी पाव घेऊन परतले, तर बाबा टेबलाशी उभे. समोर आरशातली आई. गालावर फिकट गुलाबी रंग, आणि डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत काळा ओघळ. बाबा टिपकागदानं टिपायला गेले होते, त्यात ओठही पुसले गेले होते.

"मीच पुसली गं तिला," ते म्हणाले. "बाटली मीच आणली होती."

मला राहवलं नाही. "आईला कळलं होतं, बाबा. पाणी लावू देऊ नकोस म्हणाली होती मला."

"कळलं होतं? आणि बोलली नाही?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

"आणि तू?"



त्यांनी मला एका शब्दानंही दुखावलं नाही. ते जास्त जड गेलं. जुन्या शाईची सहा चित्रं उरली होती. ती तरी रंगवा, असं मी वर्षभर विनवत राहिले. "त्यांची रेघ पक्की आहे, बाबा. मी घासून बघितली."

"असेल," ते म्हणायचे. "माझा हात पक्का राहिला नाही."

ब्रश त्यांनी गावच्या शाळेला देऊन टाकले. चित्रं माझ्याकडे आहेत, काळीपांढरीच.