पाळीला तीन घाण

आमची शालू तिच्या वडिलांना पाहून रडायची.

तिचा तरी काय दोष? ह्यांची पाळी दर आठवड्याला बदले. एक आठवडा सकाळची, मग दुपारची, मग रात्रीची. ती जागी असे तेव्हा हे घरी नसत आणि हे घरी असत तेव्हा ती झोपलेली. जरा ओळख होते न होते तोच माणूस नाहीसा, आणि पुन्हा उगवला तो भलत्याच वेळी. "अगं, मी तुझा बाप," हे तिला अगदी समजावणीच्या सुरात सांगत, आणि ती माझ्या मानेत तोंड खुपसून भोकाड पसरी.

"पोरगी हुशार आहे हो," सासूबाई म्हणत. "अनोळखी माणसाकडे जात नाही."

हे हसत. मग उगाच मोरीत जाऊन पुन्हा एकदा हात धुऊन येत.

हे रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते, तयार रंगाचे नमुने तपासायला. रंग करायची मोठी टाकी एकच, आणि रंग चार: पिवळा, नारिंगी, लाल, काळा. कोणत्या रंगाने कधी टाकीत जायचं हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवी. मोठ्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की हे सगळं म्हणे समीकरणं मांडून ठरवता येतं. कोणता रंग किती करायचा, कशामागून कोणता घ्यायचा, सगळं. त्यांनी ह्यांना बोलावलं. "हरिहर, तुमचं गणित चांगलं आहे. वेळापत्रक बसवून दाखवा. बसलं तर ते काम कायम तुमच्याकडे. दिवसाचं टेबल. पाळी बंद."

पाळी बंद! हे घरी आले ते चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी. "वासंती, रोज संध्याकाळी घरी. रोज! शालूला फिरायला नेईन. तलावावर."

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन रांगणारी मुलं झाली. एक शालू आणि दुसरे हे, जमिनीवर कागद पसरून.

लग्नाआधी माझं कॉलेजचं एक वर्ष झालं होतं, सायन्सचं. म्हणून शालू दुपारची झोपली की ह्यांची आकडेमोड पडताळायचं काम माझं. पदर खोचायचा, पाटावर बसायचं, एक कान झोळीकडे. बीजगणित मी शाळेत मराठीतून शिकलेली, त्यामुळे ह्यांचे एक्स-वाय मी मनात आधी क्ष आणि य करून घ्यायची. पिवळा म्हणजे क्ष, नारिंगी य, लाल ज्ञ. काळ्यापर्यंत येता येता अक्षरंच संपली, तेव्हा त्याला मी क म्हटलं. फार बरं वाटायचं हो. मधेच झोळी हलली की एका पायाने झोका द्यायचा आणि हाताने भागाकार चालू ठेवायचा.

पण उत्तर आलं ते विचित्र. क्ष शून्य, य शून्य, ज्ञ शून्य. महिनाभर काळाच रंग करा, बाकी काही करू नका, असं गणित म्हणत होतं.

"असं कसं?" मी म्हटलं.

"तेच तर मला कळत नाहीये."

"पिवळ्याला मागणी नाही का?"

"सगळ्यात जास्त आहे!"

सासूबाई वाती वळत होत्या. "काय रे हरी, यंदा बारा महिने संक्रांत का? सगळ्या बायकांनी काळंच नेसायचं?"

ह्यांनी सगळं पुन्हा मांडलं. मी पुन्हा पडताळलं. हातचा कुठे सुटला नव्हता, चिन्ह कुठे चुकलं नव्हतं. गणित खरं आणि उत्तर खोटं, हे एकाच कागदावर कसं असू शकतं? मला वाटायचं, आपणच काहीतरी विसरलो. बाळंतपणानंतर माझं मीठसुद्धा भाजीत दोनदा पडे, तसं काहीसं.

"एवढा काळ्यावर का बसलंय हे?" मी शेवटी विचारलं.

"धुण्यामुळे. एक रंग काढला की टाकी सोड्याने उकळून धुवावी लागते. त्यात दर वेळी तास-सव्वा तास जातो. काळ्यावर काळा घातला तर धुवायला नको. म्हणून गणित काळा धरून बसतं."

"पण दर वेळी धुतात?"

"हो. कचेरीत कुणाला सांगता येईना, म्हणून मी टाकीवरच्या काळुरामलाच विचारलं. म्हटलं, पाळीला किती वेळा घाण निघते? तो म्हणाला, पालीला तीन घान निंगतात. पाळीला रंग तीनदाच निघतो, म्हणजे दर खेपेला एक धुणं. चोख बसतंय."

चोख बसत होतं खरं. म्हणून तर डोकं आणखी फिरत होतं.

सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं. शनिवारी माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणासाठी मी कडबोळी तळत होते. शालू सासूबाईंच्या मांडीवर, बाहेरच्या खोलीत. हे तिथेच कागदांत, तिच्याकडे पाठ करून बसलेले, म्हणजे ती रडणार नाही.

सासूबाईंनी तिथूनच, आत ऐकू येईल असं विचारलं, "वासंती, कितवा घाण गं हा?"

"तिसरा, आई."

बाहेर पेन्सिल खाली पडल्याचा आवाज झाला. हे दारात.

"काय म्हणालीस?"

"तिसरा घाण."

"तिसरी."

"काय तिसरी?"

"घाण. ती घाण. स्त्रीलिंगी आहे ती."

"अहो, गटारातली ती घाण. हा तो घाण. कढईत एका वेळी जेवढं सोडतो तेवढा एक घाण."

"असा शब्द आहे?"

"अरे, जन्मभर माझ्या हातचं तळलेलं खाल्लंस," सासूबाई म्हणाल्या, "आणि कधी विचारलं नाहीस, आई, कितव्या घाणाचं गं हे?"

हे दारातच खाली बसले. तेल तापून धूर यायला लागला, मी कढई उतरवली तरी तसेच. मग हळूच म्हणाले, "मग काळुराम मला कुठला घाण सांगत होता? तो, की ती?"

"काढले म्हणाला की काढल्या?"

"निंगतात म्हणाला. निंगतात यात काय कळणार?"

रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही कोपरीला काळुरामच्या घरी गेलो. शालू माझ्या कडेवर. ह्यांनी पुलापाशी तिला घ्यायला हात पुढे केले. तिने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

काळुराम अंगणात खाटेवर बसला होता. साहेब दारात पाहून गडबडून उठला. त्याची बायको बायजा आतून पाट घेऊन आली, आणि शालूचा गाल ओढून मला म्हणाली, "बसा वयनी. पोरगी बापासारकी नाय, बरं झालं."

ह्यांनी विचारलं, "काळुराम, तुम्ही त्या दिवशी तीन घाण म्हणालात. म्हणजे तीन वेळा रंग काढता, की तीन वेळा टाकी धुता?"

काळुराम बायकोकडे बघायला लागला. "साहेब, घान म्हंजे घान. टाकी भरली, रंग शिजला, बाहेर काडला. झाला येक घान."

"आणि धुणं?"

"धुनं व्हय? त्याला काय हिशोब? साहेब सांगल तवा. दिवसाचा साहेब दर घानाला धुवाया लावतो. रातचा साहेब बोलतो, जाव दे, चालतंय."

"माज्या घरान बी तसाच," बायजा म्हणाली. "मी सांगल तवाच ह्यो आंग धुतो."

काळुराम मोठ्याने हसला. हे हसले नाहीत. परतताना हे बोटांवर काही मोजत नौपाड्यापर्यंत आले. मग रस्त्यातच थांबून म्हणाले, "वासंती, धुण्याच्या जागी आता मी कुठला आकडा लिहू? त्या वेळी कोण साहेब उभा असेल, त्याचं नाव लिहू?"

मी शालूला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी म्हटलं, "कशावर काय घातलं तर धुवायला लागत नाही, ते तर तुम्हाला ठाऊक आहे ना? तेवढं धरा."

ते त्यांनी धरलं. फिक्यावर गडद घातला तर नुसतं पाणी फिरवलं तरी पुरतं. सकाळी पिवळा, मग नारिंगी, संध्याकाळी लाल, शेवटी काळा. काळ्यानंतर मात्र टाकी पुरती धुवायची, तिथे कसूर झाली तर सकाळचा पिवळा हिरवट शेवाळी निघेल. समीकरणं मांडली, आणि या वेळी क्ष शून्य आला नाही. चौघांनाही आपापला वाटा मिळाला. मी पडताळलं आणि खाली लिहिलं: बरोबर.

सोमवारी मी शालूला लवकर न्हाऊ घातलं, काजळ लावलं. आज बाप दिवसाचा होऊन येणार.

हे आले. चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या.

"पसंत पडलं," म्हणाले. "साहेबांनी उठून हात मिळवला. उद्यापासून लागू."

"मग? टेबल?"

"साहेब म्हणाले, हे सगळं त्या एका धुण्यावर उभं आहे. ते सांभाळायला हे ज्याला कळतं असा माणूस तिथे हवा."

मी मनात मोजलं. सकाळी पिवळा, संध्याकाळी लाल, मग काळा. "पण ते धुणं तर पहाटे येतं."

"हो."

"म्हणजे रात्रपाळी?"

"कायमची."

कुणावर रागवावं तेच मला कळेना. साहेबांवर? क्षवर? खाली बरोबर असं माझ्याच हाताने लिहिलेलं.

"म्हणजे हरी, पाळी बंद झाली की लागली?" सासूबाईंनी विचारलं. हे मोरीत हात धुवायला गेले.

तलावावर फिरायला जाणं राहिलं ते राहिलंच. संध्याकाळी हे डबा घेऊन निघत, आणि रात्री शालू नि मी. पण आता हे रोज सकाळी त्याच वेळी परत येत, एकही दिवस न चुकता. पहिले काही दिवस ती रडली. मग नुसतीच बघायला लागली. एका सकाळी हे थकून सतरंजीवर आडवे झाले, तर ही रांगत गेली, त्यांच्या छातीवर हात टेकून उभी राहिली, आणि त्यांचं नाक धरून ओढलं.

ह्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. हलले तर ती रडेल म्हणून. नाक तिच्या मुठीत, आणि तसंच गेंगाण्या आवाजात मला विचारलं, "वासंती, मी साहेबांना सांगणार होतो, मला रात्रपाळी नको म्हणून. आता काय सांगू?"

मी हातातलं पीठ झटकत उभी राहिले. मग ह्यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं ते पाहून हळूच खिडकी लोटून घेतली.