बालवाडीचं स्थळ

आमच्या घरात पाहिल्याशिवाय काही ठरत नाही. सून पाहिली, बैल पाहिला, बोअरची जागा तर तिघा पाणाड्यांकडून पाहून घेतली. त्यामुळे जर्मनीतली एक बालवाडी पाहायला चाकूरच्या आमच्या बैठकीत बुधवारी दुपारी माणसं इस्त्रीचे कपडे घालून बसली, यात मला काही वेगळं वाटलं नाही.

बालवाडी माझ्या पुतणीसाठी होती. तिचं नाव अयोध्या, पणजीवरून ठेवलेलं. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भावाने, वैजनाथदादाने, आमच्या वडिलांना, अण्णांना शब्द दिला होता की तिथली बालवाडी तुम्हाला पसंत पडली नाही, तर पोरीला दोन वर्षं तुमच्याकडे पाठवतो. शब्द देताना दादा घाईत होता, त्याची बस येत होती. अण्णांना मात्र काही घाई नव्हती. त्यांनी तिच्यासाठी लातुरात खोली बघितली, बालवाडीही बघितली. त्या बालवाडीच्या पाटीवर पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेलं एक रांगतं बाळ होतं.

पुनमवहिनीचा मला फोन आला. "भावजी, माझी लेक माझ्याजवळच राहणार. तुम्ही फक्त मोबाइल सरळ धरा."

मी लातूरला दोनदा नीटची परीक्षा दिली आणि आता चाकूरच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करतो. मोबाइल धरायला घरात माझ्याइतका शिकलेला माणूस नव्हता.

प्रश्न विचारायला नांदेडहून आप्पासाहेबमामा आले होते. सगळ्या भावकीच्या सोयरिकीत प्रश्न तेच विचारतात. आईने पोहे केले आणि एक बशी मोबाइलसमोर ठेवली. जर्मनीतल्या बाईंची.

कॉल लागला. पडद्यावर वहिनी, तिच्यामागे बर्फ, बर्फामागे झाडं.

"साळा कुठं हाय?" अण्णा म्हणाले.

"हीच की, अण्णा."

"ही झाडं हायत."

"झाडांतच भरते. रानातली बालवाडी आहे. या क्राउसबाई, इथल्या मुख्य."

क्राउसबाई म्हणजे सहा फूट उंच, गमबूट घातलेली, प्रसन्न बाई. तिने हात हलवला. आप्पासाहेबमामांनी नमस्कार करून सुरुवात केली. "बाईंचं गाव कोणतं? मूळ गाव?"

वहिनीने विचारून सांगितलं. मामांनी ते गाव ओळखीचं असल्यासारखी मान हलवली. "शेती?"

"हे रान धरून चाळीस एकर."

"कोरडवाहू का बागायती?"

"बर्फ पडतो, मामा."

"म्हंजे बागायती," मामा अण्णांना हळूच म्हणाले.

अण्णा विरघळले नाहीत. "इमारत न्हाई, फळा न्हाई, बाकं न्हाईत. ऊसतोडीवाल्यांची लेकरं पाचटात खेळतात, कारण त्येंला साळा मिळत न्हाई. तुम्ही पैशे भरून पोरीला पाचटात बसवून राहिलात? वैजनाथ, कुठंय तू?"

दादा पडद्याच्या कडेला अर्धा दिसत होता. तो त्याहूनही कमी झाला.

"अण्णा, माझ्याशी बोला," वहिनी म्हणाली. "आधीच्या बालवाडीत चार भिंती होत्या. तिथं अयू तोंडसुद्धा उघडत नव्हती. टेबलाखाली बसायची. इथं ट्रायलला दोन दिवस आणली तर झाडाशी भांडायला लागली. मराठीत! पोरीला वाचा फुटलीय, मी तिला इथून हलवणार न्हाई."

"पण डोक्यावर छप्पर तरी..."

"मी किल्लारीची हाय, अण्णा. छप्पर नसलेल्या साळेला आमच्याकडं कुणी नावं ठेवत न्हाई."

अण्णांनी मान वर करून बैठकीच्या छताकडे पाहिलं. मी मोबाइल सरळ धरून होतो. मामांनी मग विषय बदलला, कारण मागून एक चिमुरडं करवत घेऊन चाललं होतं. "ते लेकरू कुठं निघालंय?"

"फांदी कापायला."

मामांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

अण्णा मात्र मागे लोडाला टेकले. दोन्ही मुलांच्या वेळी मुली बघताना ते असेच टेकले होते. माझ्या वेळी अजून जमलं नाही, तो भाग वेगळा. "ठीक हाय," ते म्हणाले. "आम्ही इचार करून कळवतो. बाईंना सांग, पंधरा दिवस लागतील. आणखी दोन ठिकाणं बघायचीत."

वहिनीने सांगितलं. क्राउसबाई हसून दोनच शब्द बोलली.

"काय म्हणती?"

"म्हणते, खुशाल बघा. तिच्याकडं एका जागेला वीस लेकरं थांबलीत. आज होकार दिला तर अयूला जागा. न्हाईतर संध्याकाळी दुसऱ्याला."

एवढं सगळं त्या दोन शब्दांत कसं मावलं, हे मी विचारलं नाही. मला फक्त मोबाइल धरायला सांगितलं होतं.

"असं कसं? आम्ही म्हंजे..." अण्णा उठून बसले.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "आवं, आपण पोरीकडचे हाव."

"काय?"

"पोरगी आपली हाय. घेणार त्या हायत. तुम्ही मघापासून पोराकडच्यावानी लोडाला टेकून बसलात. पोरीकडचे असं बोलतेत व्हय?"

अण्णांना दोन्ही मुलगेच. आयुष्यात ते कधी मुलीकडचे झालेच नव्हते. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी खेदाने मान हलवली. नियमाप्रमाणे आई बरोबर होती.

अण्णांनी टोपी नीट केली, पाय खाली घेतले आणि मोबाइलसमोर वाकले. मी ओळखत नव्हतो असा आवाज त्यांच्या घशातून आला.

"बाई, बोलण्यात चूक झाली. पोरगी हट्टी हाय, पण मनानं चांगली हाय. पडली तर रडत न्हाई. दूध तेवढं गरम लागतं. आमच्याकडनं काय मागणं असंल ते सांगा."

वहिनीने विचारलं. मागणी आली: गमबुटाचे दोन जोड आणि चिखलात घालायची रबरी पँट.

"दिलं!" अण्णा म्हणाले.

"म्हणजे होकार समजू?" वहिनीने विचारलं.

"हाव."

वहिनीने त्याच क्षणी कॉल कापला. अण्णांचं मन बदलायला तिने जागाच ठेवली नाही.

अण्णांना ते कळलं नव्हतं. ते काळ्या पडद्यापुढे हात जोडून तसेच वाकलेले होते. "सांभाळून घ्या, बाई," ते म्हणाले. "लई लांब दिलीय."