सरळ केलेला दात

दात कोरून पोट भरत नाही, अशी म्हण आहे. ज्याने ती काढली तो आमच्या कामाच्या खोलीत कधी आला नसावा. मी दातच कोरतो आणि माझं पोट भरतं, थोडं सुटलेलंही आहे. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात. मी त्यात प्लॅस्टर ओतून जबडा तयार करतो आणि त्यावर चिनी मातीची नखाएवढी पातळ कवचं घडवतो. ती पुढच्या दातांवर चिकटवली की पिवळे, तुटके, वाकडे दात झाकले जातात आणि माणूस फोटोत ओठ उघडायला लागतो. लोक त्यांना व्हिनिअर म्हणतात. मी टरफलं म्हणतो, पण गिऱ्हाइकासमोर नाही.

या कामाने एक वाईट खोड लागते. समोरचा माणूस जीव तोडून काहीतरी सांगत असतो आणि आपण त्याचे दात बघत असतो. बँकेत, बसमध्ये, सांत्वनाला गेल्यावरसुद्धा. माझ्या बायकोला ही खोड ठाऊक होती. 'यांना चेहरे लक्षात राहत नाहीत, जबडे राहतात,' असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि सांगून झालं की स्वतःच हसायची.

तिचं हसणं म्हणजे सातमजली. पोस्टात ती पार्सलच्या खिडकीवर बसते. शेजारची खिडकी रिकामी असली तरी लोक हिच्या रांगेत उभे राहतात. हसताना तोंडावर हात घेणं तिला माहीतच नव्हतं. वरचा एक दात शेजारच्या दातावर तिरपा चढलेला, कोपऱ्यात किंचित टवका उडालेला. ती हसली की आधी तो दात पुढे यायचा, मागून बाकीची ती. आमच्या लेकीने नाक माझं घेतलं आणि दात आईचा. ती शिकायला परगावी असते.

तो दात मला आवडत होता की नाही, हा विचार मी कधी केलाच नव्हता. मी तो फक्त बघत आलो होतो. तो सरळ करायचा तर किती घासावा लागेल, रंग कुठला घ्यावा लागेल, हे सगळं न ठरवता डोक्यात ठरून गेलं होतं.

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली तशी मी भेटीच्या विचाराला लागलो. दागिन्यांतलं मला कळत नाही आणि कपड्यांतलं तर त्याहून नाही. मला कळतात दात. काही वर्षांपूर्वी ती झोपेत दात खायची, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या तोंडाचा ठसा घेतला होता. त्याचा प्लॅस्टरचा जबडा माझ्या फळीवर अजून होता. मी तो काढला, पुढच्या दातांवर मेण चढवलं आणि सुबक, सरळ, नवे दात कोरले. कुठलंही काम पक्कं करण्याआधी आम्ही असा मेणाचा नमुना करतो, म्हणजे पेशंटला पुढे काय होणार ते दिसतं. तो नमुना मी डबीत ठेवला आणि वर फीत बांधली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून ते करून घेतलं.

सकाळी चहाच्या वेळी तिने फीत सोडली. चेहऱ्यावर लहान मुलीचा आनंद होता. झाकण उघडल्यावर ती जरा गोंधळली.

"हे काय? कुणाचे?"

"तुझेच. आता होतील ते."

तिने तो जबडा हातात घेऊन फिरवला. सरळ दातावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"छान आहेत," ती म्हणाली. "कधी जायचं?"

मी मूर्खासारखा खूश झालो.

डॉक्टरीणबाई चोख बाई. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी तिला नीट समजावलं. "दात थोडा घासावा लागतो. तुमचा तो पुढचा तर जास्तच. एकदा घासला की पहिला दात परत मिळत नाही. तुम्हाला नक्की हवंय ना?"

"यांना हवंय ना, मग झालं," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई आणि मी हसलो. बायकांचं असंच असतं, असं काहीतरी मी वर बोललोही. ती हसली नव्हती, हे माझ्या घरी गेल्यावरही लक्षात आलं नाही. मग मशीन सुरू झालं. तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशीही वाटलं नाही, ते आता वाटतं.

खरी कवचं तयार होईपर्यंत दातांवर प्लॅस्टिकची तात्पुरती बसवतात. ती बसवून आम्ही घरी आलो. संध्याकाळी ती वाळलेले कपडे घडी करत होती, मी पेपर चाळत होतो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगाल?"

"विचार की."

"मी हसायचे तेव्हा तुम्ही इतकी वर्षं हेच बघत होता?"

"अगं, तसं नाही..."

"पोस्टातल्या गमती सांगायचे, तेव्हा? लेक झाली, तिला मांडीवर घेऊन हसले, तेव्हा?"

मी पेपरचं पान उलटलं. नाही म्हणालो असतो तर खोटा ठरलो असतो. हो म्हणायची छाती नव्हती.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे बघताय," ती म्हणाली. घड्या नीट रचल्या, उचलल्या आणि दारात थांबून शांतपणे विचारलं, "आणि लेकीचं माप कधी घेताय? तिलाही तोच दात आहे."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात आमची बाई पटाईत आहे आणि मला हरायची सवय आहे. पण ती भांडली नाही. वेळेवर जेवायला वाढत होती, कामाला जात होती, विचारलं तर उत्तर देत होती. हसणं तेवढं बंद होतं. पोस्टातला पार्सलवाला मला रस्त्यात अडवून म्हणाला, "वहिनींची तब्येत बरी नाही का हो? खिडकी अगदी सुनी सुनी वाटते." मी म्हणालो, "दातांचं काम चाललंय." आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मग मला एक शहाणपण सुचलं. माझी शहाणपणं अशीच असतात.

सुट्टीच्या दिवशी मी कामाच्या खोलीत एकटाच जाऊन बसलो. तिचा जबडा घेतला आणि मेण हळूहळू सोलून काढलं. खाली तो दात होता तसाच होता, तिरपा, शेजाऱ्यावर चढलेला. सरळ संच मी आधीच भाजून तयार ठेवला होता. आता मी दुसरा करायला घेतला, हुबेहूब जुन्यासारखा. तोच तिरपेपणा, कोपऱ्यातला तोच टवका, चहाने आलेली हलकी पिवळट छटासुद्धा. भुकटी ब्रशने लावायची, भट्टीत भाजायची, काढून भिंगाखाली बघायची, परत लावायची. इतकं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नसेल. सरळ दात कुणीही करतो हो, वाकडा करायला नजर लागते. ती हे बघेल, तिला रडू येईल, मला माफ करेल, इथपर्यंत मी मनात जाऊन पोचलो होतो.

दात बसवायच्या दिवशी मी दोन्ही डब्या डॉक्टरीणबाईंच्या ट्रेवर ठेवल्या. त्यांनी भुवया उंचावल्या, पण बाई समंजस, हातमोजे बदलायच्या निमित्ताने बाहेर गेल्या.

"हा बघ," मी दुसरी डबी तिच्यापुढे धरली. "तुझा दात. जसाच्या तसा."

तिने तो बोटाच्या टोकावर घेतला. खिडकीच्या उजेडात धरला. मी तिच्या डोळ्यांत पाणी शोधत होतो.

"हुबेहूब आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"पण हा तुम्ही केलाय. माझा होता तो आपला आपण आला होता." तिने दात परत डबीत ठेवला. "आणि या वेळीसुद्धा विचारलं नाहीत."

"आता विचारतो. कुठले बसवायचे?"

"तुम्हाला कुठले आवडतात?"

"हे. वाकडे," मी घाईघाईने म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. लहान मूल खोटं बोलताना सापडलं की बघतात तसं, रागाने नाही.

"सरळ बसवा," तिने आत आलेल्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "निदान ते यांनी मनापासून केलेत."

दात सुरेख बसले. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून घेतले, दुसऱ्या पेशंटना दाखवायला. काही दिवसांनी तिचं हसणंही परत आलं. पार्सलवाला म्हणाला, खिडकी पुन्हा गाजते आहे, वहिनी आता नटीसारख्या दिसतात. शेजारणींशी बोलताना जिन्यातून ते सातमजली हसणं मला ऐकू यायचं आणि मी चप्पल न वाजवता वर चढायचो. कारण मी दिसलो की ओठ मिटायचे. मुद्दाम नव्हतं ते. मुद्दाम असतं तर समजूत काढता आली असती.

सुट्टीला लेक घरी आली. मी कामावरून परतलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. लेक कुणा प्राध्यापकाची नक्कल करत होती आणि दोघी अशा हसत होत्या की भांडी वाजावीत. मी दाराबाहेरच उभा राहिलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मी ते हसणं थांबून नुसतं ऐकलं. काय गंमत चालली होती तीही ऐकली. चांगली होती, मलाही हसू आलं. त्या हसण्यातच मी आत गेलो.

बायकोने ओठ मिटले आणि गॅसकडे वळली.

लेक मात्र हसतच होती. हसत हसत तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात वर आला, तोंडावर, बरोबर त्या दातावर.

"हात कशाला गं?" मी विचारलं. "खाली घे."

"सहज हो, बाबा," ती म्हणाली.

हात तिने खाली घेतला नाही.