इथेल ल्हेटी

रॉजर पिकरिंगनं नव्या नावाची पाटी रंगवूनसुद्धा आणली होती. 'सीगल कॉटेज'. मी डाक टाकायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून वाळत होती, आणि ती बघून माझं डोकंच फिरलं. त्या घराचं नाव ल्हेटीर ल्होंगूर, म्हणजे आमच्या भाषेत खलाशाचा मुक्काम. माझ्या पणजीच्या आधीपासून तेच चालत आलंय.

माणूस तसा वाईट नव्हता. बर्मिंगहॅमला तीस वर्षं दातांची डॉक्टरी करून आमच्या किनाऱ्यावर राहायला आला होता. बायकोचं, डोरीनचं, हृदय नाजूक. उद्या तिला काही झालं आणि अँब्युलन्सला फोन लावायची वेळ आली, तर पत्ता सांगताना जीभ अडखळायला नको, असं त्यानं मला सरळच सांगितलं. यावर काय बोलणार? पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. दुपारीच मी ही बातमी इथेलच्या कानावर घातली.

घर विकलं होतं इथेलनंच. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. चॅपेलमागच्या घरांच्या रांगेत तो सात नंबरात राहायला गेला होता, पण गावाला तो अजून इथेल ल्हेटीच होता. निम्मं गाव जोन्स आणि उरलेलं विल्यम्स, तेव्हा आडनावाला इथे कोण विचारतो? माणूस ओळखायचा तो घरावरून, नाहीतर कामावरून. मी स्वतः सतरा वर्षं नेस्त पोस्ट आहे.

"पाटी गेली की मग मी कोण गं, नेस्त?" इथेल म्हणाला. त्याचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तो पिकरिंगच्या दारात उभा राहिला. मी उच्चार शिकवतो, म्हणाला. सप्टेंबर संपेपर्यंत फोनवर स्वच्छ सांगता आलं तर जुनं नाव राहील, नाही आलं तर नवी पाटी मी माझ्या हातानं ठोकून देईन. पिकरिंगला नाही म्हणायची लाज वाटली असावी.

दर मंगळवारी त्यांची शिकवणी किनाऱ्याच्या पायवाटेवर चालायची. पोर्थ ल्हिदान, त्रुइन ल्हेख, पुल्ह ल्होंग, अशी एकेक खाडी आणि एकेक सुळका. नाव नीट आल्याशिवाय इथेल पुढं पाऊल टाकू द्यायचा नाही. पहिल्या मंगळवारी ते पहिल्या फाटकापलीकडे गेलेच नाहीत. ल्ह म्हणायचं तर ल म्हणायला लावतो तशी जीभ लावायची, तिथेच धरायची आणि आवाज न करता कडेनं वारा सोडायचा, एवढंच तर आहे. पिकरिंग थुंकी उडवायचा, लालबुंद व्हायचा आणि शेवटी साधा ल म्हणून मोकळा व्हायचा.

"तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावलात," इथेल त्याला म्हणाला, "आणि स्वतःची जीभ कुठं असते ते ठाऊक नाही?"

डोरीनला घरबसल्या दोन आठवड्यांत जमलं. त्यानं पिकरिंग आणखीच चिडला, आणि बहुधा त्या चिडीनंच शिकला.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्यानं एलुनेदच्या दुकानात फोन लावला, कोळशाची दोन पोती मागवली आणि पत्ता सांगितला. एलुनेदनं फोनचा आवाज मोठा केला होता. ल्हेटीर ल्होंगूर, दोन्ही ल्ह जिथल्या तिथं. दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथेलनं त्या दिवशी मनुकांच्या पावाचे तीन काप लोणी लावून खाल्ले, आणि सीगल कॉटेजची पाटी कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून गेली.

तेव्हापासून गावानं पिकरिंगला आपलं मानलं. चॅपेलच्या चहाला त्याला बोलावणं जाऊ लागलं, वाटेत लोक थांबून त्याच्याशी बोलू लागले. यातलं पुढचं पाऊल काय असणार, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी दोघंही दुकानात होते. पिकरिंगचं पार्सल माझ्याकडे होतं, सही हवी होती. मी घाईत होते.

"ल्हेटी, सही करा जरा," मी म्हणाले.

इथेलनं हात पुढं केला. पेनसुद्धा घेतलं. मग त्याला पार्सलावरचं नाव दिसलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिकरिंगचा चेहरा उतरला.

"ते नाव यांचं आहे," तो मला म्हणाला.

"घरात राहतो त्याचं असतं," इथेल म्हणाला. त्यानं पेन पिकरिंगच्या हातात दिलं. "माझ्या आधी ते माझ्या बापाचं होतं. करा सही."

हे त्याला घर विकतानाच ठाऊक असणार, पण मला ते त्या दिवशी कळलं. नाव वाचवायला मी त्याला धाडलं, आणि ते वाचलंही.

आता गाव त्याला इथेल सात नंबर म्हणतं. मीही म्हणते. हाक मारली की तो वळतो, पण जरा उशिरानं.