रिकामे गेलेले दोन किलो

मी एक काटा आहे. दुकानातला नव्हे, प्रवासाला निघण्याआधी बॅगा तोलायचा. वर धरायला कडी, खाली बॅग अडकवायला आकडा, मधे गोल तबकडी आणि पोटात एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. पन्नास किलोंपर्यंत उचलतो, असं माझ्या तोंडावरच छापलंय. पण माझी सुई शून्यावर उभी राहत नाही, दोनवर राहते. बघणारे म्हणतात, काटा बिघडला. बिघडलो खरा, पण कसा बिघडलो ते कुणी विचारत नाही, म्हणून आज मीच सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं तेव्हापासून मी सौदीतल्या जिझानच्या बाजारात एका टोपलीत पडून होतो, चार्जर आणि नेलकटरांच्या गर्दीत. तिथून मला कादिरने उचललं. कादिर रत्नागिरीकडचा, जवळच्या रिफायनरीत रिगिंग सुपरवायझर. क्रेनने काहीही उचलायच्या आधी साखळ्या, पट्टे, आकडे तपासायचे आणि कुणी हद्दीपेक्षा जास्त वजन लावलं तर त्याला फैलावर घ्यायचं, हे त्याचं काम. तिथे दर तीन महिन्यांनी तपासलेल्या वस्तूला नव्या रंगाची टेप लागते. ही सवय त्याने घरीही आणली होती. मला टेप लावली, कपडे वाळत घालायच्या दोरीला लावली, स्टुलाला लावली. शेवटी त्याची बायको ताजुन्निसा म्हणाली, "आता मलाच काय ती लावायची राहिलीय," आणि तिने टेपची बंडलं तांदळाच्या डब्यामागे दडवली.

आता आखातातल्या आपल्या लोकांची एक खोड सांगतो. विमानवाल्यांनी तीस किलो न्या म्हटलं की तीस म्हणजे तीस. एकोणतीस नेणारा माणूस त्यांच्या लेखी उधळ्या. दूध पावडर, खजूर, चीजचे डबे, आत्याला ब्लँकेट, हे सगळं भरून झालं तरी सुई तीसला टेकेपर्यंत कुणाला चैन पडत नाही. मग कोपऱ्यांत साबणाच्या वड्या खुपसतात, बुटांत काजळाच्या डब्या.

तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर निघताना कादिरला घाई झाली. टॅक्सीवाला खाली 'यल्ला, यल्ला' करत होता. कादिरने दोन्ही बॅगा एकदम माझ्या आकड्याला लटकवल्या. बासष्ट किलो! साइटवर हे कुणी केलं असतं तर कादिरने त्याला गेटाबाहेर काढलं असतं. पोटात काहीतरी ओढलं गेलं आणि त्यानंतर माझी सुई कधी शून्यावर आलीच नाही. मग बॅगा एकेक करून तोलल्या तेव्हा मी दोन किलो जास्तच दाखवले. ताजुन्निसाने हळहळत दोन्ही बॅगांतून चीजचे डबे बाहेर काढले. विमानतळावर मात्र प्रत्येक बॅग अठ्ठावीस भरली. घरात एखादं माणूस गेल्यासारखा शोक झाला. "दोन दोन किलो रिकामे गेले," असं कादिर पुढे वर्षभर येईल-जाईल त्याला सांगत होता. संशय त्याने विमानतळाच्या काट्यावर घेतला. माझी टेप तो साइटवरून तुकडा आणून दर तीन महिन्यांनी बदलत होता, पण सुईकडे बघायचं त्याला कधी सुचलं नाही. घरच्या वस्तूकडे तसं कोण बघतं!

अशा माणसाची मुलगी बारावीत गेली. इफरा तिचं नाव, एकुलती एक. तिथल्या भारतीय शाळेचा कागद आला, त्यात लिहिलं होतं, विषय पाच घ्यायचे, हवा तर सहावाही घेता येईल. कादिरने एवढंच वाचलं की सहा न्यायची परवानगी आहे. मग पाच कोण नेईल? त्यातून वरच्या मजल्यावरचा हरिहर हा कोल्हापूरकडचा फोरमन चहाला येऊन सांगून गेला, "कादिरभाई, कॉलेजवाले मार्क नंतर बघतात. आधी बघतात, पोरीनं भारी विषय किती घेतलेत." हरिहरचा स्वतःचा मुलगा गावी सहावीत होता, पण सल्ला तो बारावीचाच द्यायचा.

झालं. इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर आणि वर बायोलॉजी. इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, मेडिकलचीही, आणि परदेशातल्या कॉलेजांसाठी आणखी एक. शुक्रवारची दुपार तेवढी मोकळी दिसली, तर कादिरने तिथे फ्रेंचचा ऑनलाइन क्लास खुपसला. मी खिळ्यावर लटकून बघत होतो. मला ती भरण्याची पद्धत चांगली ओळखीची होती.

इफराला हवं होतं एकच. पुण्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकायचं. आकडे म्हणजे तिचा जीव की प्राण. लहानपणी ती मला धरून मांजराचं वजन करायची, मग मांजराच्या पिल्लांचं, मग सगळ्यांची सरासरी काढायची. त्या कॉलेजात गणिताचे मार्क बघत होते आणि अकरावीत तिला गणितात चौऱ्याण्णव होते.

बारावीत पोर चालता चालता झोपू लागली. एकदा बायोलॉजीचं गाइड फ्रिजमध्ये ठेवून दह्याचा डबा टेबलावर घेऊन बसली आणि दहा मिनिटं उघडून बघत राहिली. ताजुन्निसाने तिच्या दुधात बदाम वाढवले. कादिरने बदामांबरोबर एक जादा टेस्ट सिरीज वाढवली. सहामाहीचा निकाल आला तेव्हा गणितात अठ्ठावन्न होते.

त्याच आठवड्यात शाळेची सूचना आली. सहावा विषय सोडायचा असेल त्याने गुरुवारपर्यंत वडिलांच्या सहीचा फॉर्म द्यावा, नंतर नावं बोर्डाकडे जातील आणि बदल होणार नाही. इफराने फॉर्म भरून अब्बांसमोर ठेवला. बायोलॉजी सोडायचं होतं. कादिरने चष्मा लावून वाचला आणि परत सरकवला. घेतलेलं कुणी असं वाटेत टाकतं काय, असं त्याचं म्हणणं. हरिहरनेही वरून निरोप धाडला की सर्टिफिकेटवर भोक दिसेल.

बुधवार संध्याकाळ आली तरी सही नव्हती. इफरा दप्तर मांडीवर घेऊन बसून होती. कादिर म्हणाला, "किती मोठं ओझं हाय ते बघूया तरी. दोनशे टनाचे लोड उचलतो मी. तुझ्या सहा पुस्तकांचं काय ते?" आणि त्याने मला खिळ्यावरून काढलं. टेप बघितली, हिरवी, चालू तिमाहीची. समाधानाने त्याने मला हातात धरलं.

"अब्बा, थांबा," इफरा म्हणाली. "अभी तो कुछ टाँगा नहीं. फिर भी दो दिखा रहा है."

कादिरने मला डोळ्यांसमोर धरलं. बोटाने टिचकी मारली, मी जागचा हललो नाही. मला खूप वाटलं की निदान आज तरी शून्यावर जाऊन त्याची लाज राखावी. जमलं नाही.

"साइटपर ऐसे का क्या करते हैं?" तिने विचारलं.

"रिजेक्ट," कादिर म्हणाला. "ताणलेली स्प्रिंग परत येत नाय."

"कितनी बार ओव्हरलोड करने से होता है?"

"एकदाच पुरतं." त्याने दोनच्या आकड्यावर अंगठा ठेवला. बासष्ट किलो, खाली ओरडणारा टॅक्सीवाला, रिकामे गेलेले दोन किलो, सगळं त्याच्या तोंडावर मला दिसत होतं.

इफरा रडली नाही, फॉर्मकडे बघत हळूच बोलली. "माझा पण ज़ीरोवर येत नाय, अब्बा. सुट्टीच्या दिवशी पण नाय."

कादिर बराच वेळ पोरीकडे बघत राहिला, साइटवर साखळीची एकेक कडी बघतो तसा. मग म्हणाला, "बाय, पेन दे." आणि त्याने सही केली. मला त्याचा राग होता, खोटं कशाला बोलू, पण त्या घडीला तो गेला. बायोलॉजी, मेडिकल आणि शुक्रवारचं फ्रेंच, तिघंही उतरले. "खलास," ताजुन्निसा म्हणाली आणि तिने तांदळाच्या डब्यामागून टेपचं एक बंडल काढून दिलं.

ते बंडल माझ्यासाठी होतं. लाल टेप, म्हणजे बाद. नियमाने बाद वस्तूचा आकडा कापतात, कुणी चुकून वापरू नये म्हणून. कादिर कटर घेऊन आलाही होता. इफराने मला पाठीमागे लपवलं, म्हणून मी शाबूत आहे.

पुढचं थोडक्यात. दोन कॉलेजांनी तिला नाही म्हटलं, त्यांतलं एक परदेशातलं. प्रत्येक वेळी कादिर बायोलॉजीचं नाव काढणार होता, प्रत्येक वेळी त्याने माझ्याकडे बघून गिळलं. गणितात त्र्याण्णव आले. पुण्याने हो म्हटलं. हरिहर पेढे खाता खाता म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो, ओझं कमी करा."

आज ती निघालीय. नवा डिजिटल काटा आलाय, गुळगुळीत, गर्विष्ठ. तिची बॅग चोवीस भरली. परवानगी तीसची. ताजुन्निसा खजुरांचा डबा आणि दूध पावडर घेऊन धावत आली. कादिरने तिचा हात धरला.

"ऱ्हावं दे," तो म्हणाला. "सहा किलो रिकामे ऱ्हावं देत."

माझा कानांवर विश्वास बसला नाही. ताजुन्निसाचाही नाही, तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग इफराने मला खिळ्यावरून काढलं, ओढणीत गुंडाळलं आणि बॅगेत ठेवलं. जन्मभर मी बॅगा उचलल्या, आता बॅग मला नेतेय. अंगावर काही लटकलेलं नाही, तरी सुई दोनवरच आहे आणि ती आता तिथेच राहणार. पोरीची मात्र परत आली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. काल दुपारी ती काहीही न करता तासभर खिडकीत बसली होती आणि कादिर दारातून तिच्याकडे बघून चोरपावलांनी माघारी गेला होता.

माझं मागणं फार नाही. कुणावर काही टांगण्याआधी, तो मोकळा असतो तेव्हा त्याची सुई कुठे उभी असते, तेवढं बघत जा. चला, चेन लागतेय.